दुसऱ्या मजल्यावरचा तडा

माझ्या खोलीच्या खिडकीतून डावा हात बाहेर काढून थोडा वाकवला, की इमारतीचा गोल कोपरा हाताला लागतो. ही गोष्ट मला वीस वर्षं माहीत होती आणि तिचा काडीचा उपयोग नव्हता. गेल्या वर्षी उपयोग झाला. झाला नसता तर बरं झालं असतं.

खोली आठ बाय दहा. सुरत स्टेशनकडून भागळला जाताना जुन्या बाजारात दोन रस्ते मिळतात, त्या कोपऱ्यावर आमची बिल्डिंग उभी आहे. खाली दुकानं, वर कचेऱ्या, आणि दुसऱ्या मजल्यावर टोकाला मी. मी शेड जुळवतो. म्हणजे साडीचा व्यापारी येतो, एक चिंधी टेबलावर टाकतो आणि म्हणतो, "मास्तर, हाच रंग पाहिजे." मग कुठला रंग किती घातला की तोच उतरेल, ते मी काढून देतो. पूर्वी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर होतो. मिल सुटली, मास्तर तेवढा चिकटून राहिला. वडील पारोळ्याकडून लूम चालवायला आले होते. घरात अजून अहिराणी चालते, बाजारात गुजराती, रिक्षावाल्याशी हिंदी, आणि मराठी उरते ती असलं काहीतरी लिहायला.

गेल्या वर्षी थंडीत, एकाच पंधरवड्यात, आमच्या बिल्डिंगबद्दल दोन कागद फिरायला लागले. मालकाच्या नातवाने अर्ज केला की इमारत जर्जरित झाली आहे, तपासणी करा. महापालिकेच्या इंजिनियरने तसं लिहून दिलं, तर ती मोकळी करायची, मग पाडायची, मग तिथे काचेचं काहीतरी उभं राहायचं. दुसरा कागद एका आर्किटेक्ट बाईंचा होता. त्या शहरातल्या जुन्या इमारतींची यादी करत होत्या आणि आमची बिल्डिंग वारसा म्हणून नोंदवावी असं त्यांचं म्हणणं होतं. नोंद झाली तर पाडता येणार नाही. एक कागद पाडा म्हणत होता, एक जपा म्हणत होता, आणि आम्ही नऊ भाडोत्री रोज जिन्यात उभे राहून एकमेकांना विचारत होतो, "काही कळलं का?" कुणालाच काही कळलेलं नसायचं.

माझ्यापुरतं सांगतो. खोली गेली तर मला दुसरी मिळाली असती, शहराच्या बाहेर कुठेतरी. पण माझं गिऱ्हाईक चालत येणारं. चिंधी खिशात घालून चहा प्यायला निघालेला माणूस दोन जिने चढतो. चिंधीसाठी तो कामरेजला येणार नाही. आणि या वयात नव्या ठिकाणी बोर्ड लावून "मी शेड जुळवतो" असं पहिल्यापासून सांगायचं, हे माझ्याने होणार नव्हतं.

बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना बिल्डिंगची माहिती द्यायला पुढे झालो. वीस वर्षं इथे बसतोय म्हटल्यावर तो माझा हक्कच. मी म्हटलं, "मॅडम, खरं सांगू का, या बिल्डिंगमध्ये बघण्यासारखं काही नाही. कुणी मोठा माणूस इथे राहिला नाही."

"काका, इथे कुणीच राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "तीच तर गोष्ट आहे."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी आम्हाला रस्त्यापलीकडे नेऊन उभं केलं आणि वर बघायला लावलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली ही इमारत. त्याआधी या बाजारातला व्यापारी खाली दुकान मांडायचा आणि वर कुटुंब घेऊन राहायचा. लाकडी खांब, वर झोपाळा, मागे स्वयंपाकघर. मग सिमेंट आलं, लोखंड आलं, आणि कुणा एका शेठला वाटलं, आपली पेढी वेगळी असावी, नव्या जमान्यासारखी दिसावी. त्याने ही बांधली. वरच्या मजल्यांवर चूल नाही, मोरी नाही, पाणी ठेवायला जागा नाही. झोपायची सोयच नाही. लोकांनी सकाळी यायचं, काम करायचं, संध्याकाळी कुलूप लावून घरी जायचं. "या भागात घर आणि धंदा वेगळे झाले, ते अशा इमारतींत," बाई म्हणाल्या. "म्हणून ती महत्त्वाची."

मग त्यांनी बोटाने एकेक दाखवलं. कोपरा काटकोनात न मोडता बोटीच्या नाळेसारखा वळवलेला. प्रत्येक खिडकीवर भुवईसारखा बारीक छज्जा. जिन्याच्या भागात उभ्या तीन पट्ट्या, थेट गच्चीपर्यंत. मी वीस वर्षं त्या छज्ज्याखाली मान घालून पान थुंकत आलो होतो. तो छज्जा आहे हे मला त्या दिवशी कळलं. पान तेव्हाच सोडलं म्हणायला हरकत नाही. निदान खिडकीतून थुंकणं सोडलं.

"आणि हा गिलावा बघा," त्या म्हणाल्या. "याला कधीच रंग लावलेला नाही. रंग सिमेंटमध्येच कालवलाय, दगडाचा चुरा घालून. घासला तरी आतून तोच निघेल."

हे मात्र मला एका क्षणात समजलं. "म्हणजे प्रिंटिंग नाही, डाइंग," मी म्हटलं.

बाई खूश झाल्या. "एकदम बरोबर, काका!"

त्या 'एकदम बरोबर'ने माझं डोकं फिरलं. पुढचं सगळं त्यातून झालं.

कारण त्या गोल कोपऱ्यावर, माझ्या खिडकीच्या अगदी डाव्या अंगाला, एक तडा होता. तिरका, हातभर. खालून नीट दिसायचा नाही, पण नजर गेली की मग त्याच्याशिवाय काही दिसायचं नाही. इंजिनियर गुरुवारी येणार असं कळलं, तसा तो तडा आमच्या सगळ्यांच्या बोलण्यात शिरला. तळमजल्यावर जिन्याखाली एक घड्याळजी बसतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, पक्के सुरती, डोळ्यावरचं भिंग न काढता माणसाकडे बघतात. ते म्हणाले, "मास्तर, तमे तो कलरना राजा छो. एक थापी मारी दो, वात पती गई." म्हणजे मी रंगाचा राजा, एक थापी मारून टाकली की विषय संपला.

राजा म्हटल्यावर कोण नाही म्हणतो?

घरी बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "घरमा एक भिंत धड रंगावता ई नही, आन् चालनात बिल्डिंग रंगावाले!"

मी म्हटलं, "रंगवायची नाही गं, कालवायचं आहे. त्यात फरक असतो."

"फरक तुम्हले समजना, तठेच मन्हा जीव घाबरस," ती म्हणाली. म्हणजे मला फरक समजला, की तिथेच तिचा जीव घाबरतो.

रविवारी बाजार बंद असतो. दुपारी मी पांढरं सिमेंट, दगडाचा चुरा आणि तीन-चार डब्या रंग घेऊन खोलीवर गेलो. नमुना म्हणून तड्याजवळचा सुटत आलेला मूळ गिलाव्याचा एक तुकडा नखाने काढून घेतला. रुपयाएवढा निघेल वाटलं होतं, पोळीएवढा हातात आला. तेव्हाच थांबायला हवं होतं. पण आता तर बुजवणं भागच होतं.

आता इथे माझ्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा. शेड उन्हात पास करायची. मिलमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ट्यूबलाइटखाली दोन चिंध्या सख्ख्या बहिणी दिसतात आणि दारात नेल्या की एक हिरवी, एक जांभळी. या एका नियमावर मी चाळीस वर्षं भाकरी खाल्ली. किती तरी पोरांना त्यासाठी रागावलो. आणि त्या रविवारी मी काय केलं? मालकाच्या माणसाने रस्त्यावरून बघू नये म्हणून खिडकीबाहेर गोणपाट टांगलं. खोलीत अंधार झाला. अंधार झाला म्हणून ट्यूबलाइट लावली. आणि त्या ट्यूबलाइटखाली बसून, अगदी तब्येतीत, चौदा नमुने करून शेड जुळवली.

मूळ रंग कसा, तर तुरीचं वरण थंड झाल्यावर वर साय धरते तसा. पिवळट, त्यात किंचित हिरवी झाक. चौदावा नमुना त्या तुकड्याशेजारी ठेवला तर मलाच ओळखू येईना कुठला कुठला. मग खिडकीतून डावा हात बाहेर काढला, वाकवला, नव्या गिलाव्याने पकड धरावी म्हणून जुना गिलावा छिन्नीने टोचून खडबडीत केला, आणि तडा बुजवून टाकला. ओलं राहावं म्हणून त्यावर गोणपाट भिजवून तसंच ठेवलं. बुधवारी संध्याकाळी काढलं. सावलीत बघितलं. सुरेख. घड्याळजींना वर बोलावून दाखवलं. त्यांनी भिंगातून बघितलं आणि माझ्या पाठीत थाप मारली.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला ऊन कोपऱ्यावर आलं.

मी खालीच होतो, चहाच्या गाडीपाशी. चहावाल्याने कप माझ्या हातात देता देता वर बघितलं आणि कप तसाच धरून ठेवला. मी वळलो. वरणाच्या सायीवर, बरोबर माझ्या खिडकीशेजारी, एक गुलाबी डाग चमकत होता. गुलाबी म्हणजे कसला गुलाबी? कवळीच्या हिरडीचा. रस्त्यापलीकडून, बसमधून, कुठूनही दिसेल असा.

घड्याळजी बाहेर आले, भिंग कपाळावर सरकवलं आणि म्हणाले, "मास्तर, आ तो पाटो बांध्यो छे!" पट्टी बांधलीय बिल्डिंगला. मला हसू आलं नाही. मी घड्याळ बघत होतो. इंजिनियर अकराला येणार होते. एक तासात सिमेंट उकरता येईल का, वर गोणपाट परत टांगता येईल का, निदान सूर्य ढगाआड जाईल का, असले विचार मी गंभीरपणे करत होतो. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता.

इंजिनियर अकराला पाच मिनिटं असताना आले. शांत माणूस. सोबत आर्किटेक्ट बाई आणि मालकाचा नातू. साहेबांनी गच्ची बघितली, जिना बघितला, तळघरात टॉर्च मारून खांब ठोकून बघितले, आणि सगळ्याला "ठीक आहे, ठीक आहे" म्हणत गेले. प्रत्येक 'ठीक आहे' मी बोटांवर मोजत होतो. मग ते रस्त्यावर आले आणि वर बघितलं.

"तिथे काय होतं?"

आम्ही नऊच्या नऊ भाडोत्री आपापल्या चपला बघत होतो.

"ताजं प्लॅस्टर आहे. आठवड्याच्या आतलं," साहेब म्हणाले. "आत तडा असणार. किती खोल आहे, मला कसं कळणार? नुसता गिलाव्यात असेल, किंवा भिंतीतून आरपार असेल. तुम्ही लपवलंय, म्हणजे मला आरपार धरूनच लिहावं लागेल."

मालकाचा नातू लगेच म्हणाला, "बघा साहेब, मी काय सांगत होतो? हे लोक स्वतःच लपवतायत. म्हणजे त्यांनाच ठाऊक आहे."

तडा होता तेव्हा तो नुसता तडा होता. मी बुजवला आणि तो पुरावा झाला. ज्या गोष्टीची भीती होती ती मी स्वतःच्या हाताने, ट्यूबलाइटखाली, चौदा नमुने करून तयार केली होती. पहिला विचार आला तो सरळ खोटं बोलायचा. मी तोंडही उघडलं. "साहेब, ते पावसाचं पाणी..."

"पाऊस?" साहेबांनी वर कोरड्या आकाशाकडे बघितलं.

"मी केलं," मी म्हटलं. "तडा होता, हातभर, तिरका. मी बुजवला. कुणी सांगितलं नाही." घड्याळजींनी भिंग डोळ्यांवर ओढून घेतलं.

बाई रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी हळूच विचारलं, "काका, बुजवायच्या आधी जुना गिलावा टोचलात का तुम्ही? छिन्नीने?"

"पकड यावी म्हणून."

"किती?"

मी हाताने दाखवलं. त्या म्हणाल्या की त्या कोपऱ्यावर छज्ज्याच्या आडोशाने पाऊस कधी लागला नव्हता. सगळ्या इमारतीत मूळ गिलावा सगळ्यात चांगला तिथेच राहिला होता. वारसा समितीपुढे ठेवायच्या फोटोंत त्या कोपऱ्याचा फोटो पहिला येणार होता.

साहेब म्हणाले, उघडून दाखवा, मगच मी काही लिहीन. दोन दिवस दिले. शनिवारी एक गवंडी आणला आणि त्याच्या हाताखाली मी लागलो. पांढरं सिमेंट एव्हाना दगड झालं होतं. एक ठोका मारला की माझ्या ठिगळाबरोबर कडेचा जुना गिलावाही सुटायचा. खाली पडलेला प्रत्येक खपला मी वर आणत होतो आणि टेबलावर मांडत होतो, जणू काही ते परत लावता येणार होते. गवंडी म्हणाला, "हे कुणी लावलं, मास्तर? माणूस चिवट दिसतो." मी म्हटलं, "होता एक."

उघडलं, तर तडा विटेपर्यंत गेलेला. साहेबांनी बोट फिरवलं, सळई घातली, तिच्यावर माप घेतलं. "विटेच्या सांध्यात शिरलाय. आता प्रश्न एवढाच आहे की हा जुना, थांबलेला तडा आहे, की अजून सरकतोय. थांबलेला असेल तर भरून घेता येईल. सरकत असेल तर कोपरा मोकळा करावा लागेल, आणि कोपरा मोकळा झाला की मग सगळं."

हे कसं कळतं, तेही त्यांनी दाखवलं. काचेच्या तीन बारीक पट्ट्या घेतल्या आणि तड्यावर आडव्या, दोन्ही टोकांना घट्ट चिकटवल्या. वर, मध्ये, खाली. पेनाने तारीख लिहिली. तडा केसाएवढा जरी सरकला तरी काच तडकते. पाऊस संपेपर्यंत तिन्ही शाबूत राहिल्या, तर तडा मेलेला. तोपर्यंत पाडण्याचा अर्जही थांबेल आणि वारशाचा अर्जही. "रोज कोण बघेल?" साहेबांनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खिडकीतून हात फक्त माझाच पोचत होता.

तेव्हापासून माझं काम सुटलं आणि काचा बघणं सुरू झालं. सकाळी कुलूप उघडलं की आधी खिडकी. चहानंतर खिडकी. खाली ट्रक गेला की खिडकी. पूर्वी मी ट्रककडे लक्षही दिलं नव्हतं. आता लांबून हॉर्न ऐकून ओळखायचो की कापडाच्या गाठी भरलेला आहे की रिकामा. जिन्यात कुणी जोरात उतरलं तर दार उघडून ओरडायचो, "हळू! हळू!" पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटने मला एकदा विचारलं, शिंकायला परवानगी आहे का. गिऱ्हाईक चिंधी टाकून उभं असायचं आणि मी त्याच्या खांद्यावरून खिडकीकडे बघत असायचो. एका व्यापाऱ्याला मी मोरपंखीच्या जागी शेवाळी रंगाचं माप लिहून दिलं. त्याने शंभर साड्या रंगवल्या आणि मग फोन केला. तो काय बोलला ते इथे लिहीत नाही, पण गुजराती किती समृद्ध भाषा आहे ते त्या दिवशी कळलं.

घरीही तेच. ताटावरून उठून खिशातला मोबाइल काढायचो आणि निघताना काढलेला काचांचा फोटो मोठा करून बघायचो. बायको म्हणायची, "काच काय पयी जाई का? पहिले जेवन करी ल्या." पळून जाणार नव्हती, पण माझी खात्री नव्हती. मग एकदा तिने शेजारणीला माझ्यादेखत सांगितलं की आमच्याकडे तीन काचा आजारी आहेत, म्हणून आम्ही लग्नाला येऊ शकत नाही.

चैत्र संपत आला होता. एका सोमवारी खिडकी उघडली आणि मधली काच तडकलेली. बरोबर मधोमध.

मी खाली बसलो. खुर्चीवर नाही, फरशीवर. वरची शाबूत, खालची शाबूत, मधली गेलेली. म्हणजे सरकतोय. म्हणजे कोपरा, मग सगळं. माझे सोबती भाडोत्री, घड्याळजी, त्यांचं जिन्याखालचं टेबल, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तो सांगायला लाज वाटते पण सांगतो. तशी काच कुठेही मिळते. चिकटवायचं मिश्रण बघून ठेवलेलं होतं. तारीख साहेबांच्या अक्षरात लिहायला मला पाच मिनिटं लागली असती; अक्षर जुळवणं म्हणजे शेडच. कुणाला कळलं नसतं. हात पोचत होता तो फक्त माझा.

अर्धा तास मी त्या विचाराशी बसून राहिलो. काच आणायला जिना उतरूनही गेलो, काचवाल्याच्या दुकानासमोर उभाही राहिलो. पण नवी काच उद्या परत तडकली तर? मग परत बदलायची? आणि एक दिवस कोपरा खरंच खाली आला तर? त्याच्या बरोबर खाली चहाची गाडी उभी असते. मी एकदा बुजवून बघितलं होतं. तिथूनच साहेबांना फोन लावला आणि म्हटलं, "मधली गेली."

साहेब दुपारी आले, बाईही आल्या. मी खिडकीपासून लांब उभा राहिलो, परीक्षेचा निकाल दुसऱ्याने बघावा तसा. साहेब बराच वेळ वाकून बघत होते. मग त्यांनी भिंग मागितलं. घड्याळजींचं आणलं. मग म्हणाले, "मास्तर, इकडे या. हात दाखवा."

मी हात पुढे केले. माझ्या डाव्या अंगठ्याला निळा रंग कायमचा आहे, धंद्याचा. साहेबांनी तो धरून काचेजवळ नेला. काचेवर, बरोबर मध्यावर, एकावर एक निळे ठसे होते. वरच्या आणि खालच्या काचेपर्यंत अंगठा नीट पोचत नव्हता, मधली मात्र बरोबर हाताखाली यायची.

"तुम्ही रोज दाबून बघत होतात?"

"घट्ट आहे ना, तेवढंच," मी म्हटलं. "दिवसातून चार-पाच वेळा."

बाईंनी तोंडावर ओढणी घेतली. घड्याळजी जिन्यातून ओरडले, "हुं थयुं?" आणि काय झालं ते विमा एजंटने खाली सांगितलं, ते तळमजल्यापर्यंत पोचायला दहा सेकंद लागले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी नवी पट्टी लावली, नवी तारीख घातली आणि मला म्हणाले, "फक्त डोळ्यांनी." घरी सांगितलं तेव्हा बायकोने एकच विचारलं: "तुम्हले कोनी सांगेल व्हतं बोट लावाले?"

त्यानंतरचे महिने मी हात खिशात घालून काढले. पाऊस आला, तुंबला, गेला. रस्ता दोनदा खोदला, दोनदा बुजवला. गणपतीचे ढोल खालून गेले तेव्हा मी खिडकीशी डोळे मिटून उभा होतो. तिन्ही काचा शाबूत राहिल्या. नवरात्र संपल्यावर साहेबांनी त्या काढल्या आणि लिहून दिलं की तडा जुना आहे, थांबलेला आहे, इमारत जर्जरित नाही.

आम्ही पेढे वाटले. पण तो अर्धाच निकाल होता. दुसरा महिन्याभराने आला. बाईंनी जिन्यात आम्हा सगळ्यांना उभं करून वाचून दाखवला. इमारत यादीत घेतली. खालच्या श्रेणीत.

"खालच्या म्हणजे?" घड्याळजींनी विचारलं.

म्हणजे बाहेरचा चेहरा जपायचा. कोपरा, छज्जे, उभ्या पट्ट्या यांना हात लावता येणार नाही. आत मात्र परवानगी काढून बदल करता येतील. भिंती हलवता येतील, खोल्या जोडता येतील. मालकाचा नातू हे ऐकून पहिल्यांदाच आमच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "चला, सगळ्यांचंच चांगलं झालं." त्याच संध्याकाळी एक मुलगा टेप घेऊन दुसऱ्या मजल्याच्या खोल्या मोजून गेला.

अहवालाची प्रत मी बाईंकडे मागून घेतली. महत्त्व या मथळ्याखाली त्यांनी सगळं छान लिहिलंय, घर आणि धंदा वेगळे झाल्याचं, झोपायची सोय नसल्याचं. मग हानी असा मथळा आहे. त्याखाली पहिलीच ओळ: दुसऱ्या मजल्यावर, गोल कोपऱ्यावर, एका भाडोत्र्याने केलेल्या दुरुस्तीमुळे मूळ गिलाव्याचा सर्वात सुस्थितीतला भाग नष्ट.

मी बाईंना फोन केला. विचारलं, "मॅडम, खरं सांगा. तो भाग असता तर वरची श्रेणी मिळाली असती का?"

त्या म्हणाल्या, "काका, एका कोपऱ्यावर श्रेणी ठरत नाही. आतला जिना बदललेला आहे, दारं बदललेली आहेत. बऱ्याच गोष्टी असतात."

"पण मिळाली असती का?"

"नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. "खरंच नाही सांगता येत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

मी मनाला लावून घेतलंय. माझी खिडकी आता राहणार, कुणी पाडू शकत नाही, तसा कागद आहे. खिडकीच्या आत मी राहणार की नाही, त्याचा कागद अजून कुठल्यातरी टेबलावर आहे. सकाळी जिना चढताना आधी ऐकतो, वर हातोड्याचा आवाज येतोय का. मग कुलूप काढतो.